नाशिक–मुंबई–पुणे त्रिकोणापासून वाकड्या अवकाशातल्या चतुष्फलकापर्यंत

मुंबई–पुणे–नाशिक हा ‘सुवर्ण त्रिकोण’ उद्योगाच्या बातम्यांत सारखा भेटतो. त्याच्याकडे भूमितीच्या नजरेने मात्र फारसे कोणी बघत नाही. ही तीन शहरे जमिनीवरून सर्वांत जवळच्या रेषांनी जोडली, तर आत साधारण ८,२०० चौरस किलोमीटर क्षेत्र येते आणि तीन कोनांची बेरीज भरते १८० अंश व वर सुमारे ४२ सेकंद. (एका अंशात ३,६०० सेकंद.) शाळेतले प्रमेय चुकलेले नाही. ते सपाट कागदासाठी आहे आणि पृथ्वी सपाट नाही.

हे जादा सेकंद भूमापनवाल्यांना चांगले परिचयाचे आहेत. त्यांचा हिशेबही सोपा आहे. क्षेत्रफळाला पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचे: ८,२०० भागिले ६,३७१ चा वर्ग, म्हणजे ०.०००२०२ रेडियन. एका रेडियनमध्ये २,०६,२६५ सेकंद असतात, म्हणून गुणाकार ४२ च्या आसपास येतो. उलट जायचे असेल तर त्रिज्या १ धरून सूत्र असे होते: क्षेत्रफळ = तीन कोनांची बेरीज − पाय (π, म्हणजे १८० अंश). कोन रेडियनमध्ये घ्यायचे. बाजूंची लांबी कुठेच लागत नाही.

आता साहजिक पुढचा प्रश्न. त्रिकोणाच्या वरची पायरी म्हणजे चतुष्फलक: चार त्रिकोणी पृष्ठे, चार शिरोबिंदू, सहा कडा. वाकड्या अवकाशात त्याचे घनफळही असेच कोनांची बेरीज करून मिळेल का? मिळत नाही. हा प्रश्न सोपा नाही हे जुन्या लोकांनाही ठाऊक होते. यानोश बोयाई या तरुणाचे नव्या भूमितीवरचे काम वाचून थोर जर्मन गणिती गाउसने १८३२ साली त्याच्या वडिलांना पत्र लिहिले. त्यात मुलाने पुढे चतुष्फलकाच्या घनफळावर काम करावे, असे सुचवले होते.

‘वाकडे अवकाश’ म्हणजे चेंडूच्या आतली जागा नव्हे

गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. पृथ्वीचा पृष्ठभाग दोन मितींचा आहे: अक्षांश आणि रेखांश सांगितले की काम झाले. गोलीय भूमितीतला चतुष्फलक तीन मितींचा असतो. तो पृथ्वीच्या पोटात बसवलेला तुकडा नाही, कारण पृथ्वीच्या पोटातली जागा साधी सपाट जागाच आहे. दहावीच्या महत्त्वमापनाची सूत्रे तिथे जशीच्या तशी चालतात.

गोलीय अवकाश बीजगणिताने सांगणे सर्वांत सरळ. ज्यांच्या वर्गांची बेरीज १ आहे अशा चार संख्यांचा प्रत्येक संच म्हणजे त्या अवकाशातला एक बिंदू. चित्र डोळ्यांसमोर आले नाही तरी अडत नाही. सरळ पुढे चालत राहिलात की निघाल्या जागी परत येता, आणि एकूण घनफळ मर्यादित आहे: २ × पाय × पाय, म्हणजे सुमारे १९.७३९.

हायपरबोलिक अवकाश याच्या उलट. तिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते, सरळ रेषा एकमेकींपासून भराभर दूर पळतात आणि जागा कधी संपत नाही.

एक शब्द शेवटपर्यंत लागणार आहे. दोन पृष्ठे एका कडेवर मिळतात तेव्हा त्यांच्यात आतल्या बाजूने होणारा कोन म्हणजे द्वितल कोन. सहा कडा, म्हणून सहा द्वितल कोन. सपाट जागेतल्या नियमित चतुष्फलकाचा हा कोन ७०.५३ अंश असतो. एका कडेभोवती असे पाच चतुष्फलक लावले तर ३५२.६४ अंश भरतात आणि ७.३६ अंशांची फट राहते. गोलीय अवकाशात कोन ७२ अंशांचा करता येतो, फट बुजते आणि बरोबर ६०० चतुष्फलकांत सगळे अवकाश भरून जाते.

त्रिकोणाला चालणारी युक्ती चतुष्फलकाला का चालत नाही?

हा भाग नीट पाहण्यासारखा आहे. ‘सूत्र नाही’ असे नुसते सांगितले की मनात शंका राहते: कोणी नीट शोधले नसेल.

आधी त्रिकोण. त्रिज्या १ च्या गोलाचे क्षेत्रफळ ४ पाय. त्रिकोणाची प्रत्येक बाजू वाढवली की गोलाचे दोन अर्धे होतात. त्यातला त्रिकोण असलेला अर्धा घ्या. असे तीन अर्धगोल मिळून गोलाचा फक्त एक तुकडा सोडतात: बरोबर समोरच्या टोकाचा, त्याच मापाचा जुळा त्रिकोण. म्हणून तिघांनी व्यापलेली जागा आहे ४ पाय − क्षेत्रफळ.

हीच जागा दुसऱ्या तऱ्हेने मोजा. तीन अर्धगोलांची बेरीज ६ पाय. दोन-दोन अर्धगोलांचा सामाईक भाग दोनदा मोजला गेला, तो वजा करा. हा भाग म्हणजे एक फाक आणि तिचे क्षेत्रफळ कोनाच्या दुप्पट. तिघांचा सामाईक भाग जास्तच वजा झाला, तो परत मिळवा. तो म्हणजे आपला त्रिकोणच.

४ पाय − क्षेत्रफळ = ६ पाय − २ × (कोनांची बेरीज) + क्षेत्रफळ

डावीकडे वजा क्षेत्रफळ, उजवीकडे अधिक क्षेत्रफळ. एका बाजूला आणले की दुप्पट होते आणि वरचे सूत्र निघते.

आता चतुष्फलकासाठी हेच करा. पृष्ठे चार, म्हणून अर्धे अवकाशही चार. बेरीज, मग दोघांचे सामाईक वजा, तिघांचे अधिक, आणि चौघांचे सामाईक पुन्हा वजा. चौघांचा सामाईक भाग म्हणजे आपला चतुष्फलक, आणि डावीकडे जुळ्या चतुष्फलकाचे घनफळही वजाच आहे. दोन्ही बाजूंना सारखीच वजाबाकी. ती कटते आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते घनफळच समीकरणातून गायब होते. उरते ते घन कोन (शिरोबिंदूपाशी तीन पृष्ठांमध्ये होणारा कोन) आणि द्वितल कोन यांच्यातले एक नाते. ते खरे आहे, पण आधीच माहीत होते.

म्हणजे अडचण हुशारीची नाही, चिन्हाची आहे. दोन, चार, सहा अशा सम मितींत युक्तीतून काहीतरी हाती लागते. तीन, पाच, सात अशा विषम मितींत ती रिकाम्या हाताने परतते.

जाता जाता: सपाट जागेतही चतुष्फलक वाटतो तितका गरीब नाही. ‘एक तृतीयांश × पाया × उंची’ हे सूत्र सगळे पाठ करतात. पण नियमित चतुष्फलकाचे मोजके तुकडे करून ते त्याच घनफळाच्या घनात जुळवता येत नाहीत, हे माक्स डेन याने १९०० च्या सुमारास सिद्ध केले. गणिती हिल्बर्टने केलेल्या न सुटलेल्या प्रश्नांच्या प्रसिद्ध यादीतला तिसरा प्रश्न याबद्दलच होता.

श्लेफ्लीची वाट: घनफळ नको, घनफळातला बदल मोजा

लुडविग श्लेफ्ली हा स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा गणिती. त्याने १८५० च्या दशकात जे काढले ते आजही या विषयाचा कणा आहे. दुर्दैव असे की त्याचा मूळ ग्रंथ पूर्ण छापला गेला १९०१ साली, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

पावसाळ्यात ‘गंगापूर धरण इतके टक्के भरले’ ही बातमी नाशिककर रोज वाचतात. धरणातले पाणी कोणी मापाने मोजत नाही. पातळी मोजतात. त्या पातळीला पाण्याचा पसारा किती हे सर्वेक्षणातून माहीत असते. पातळी थोडी चढली की साठ्यात भर पडते ती पसारा गुणिले चढ इतकी. रिकाम्या धरणापासून असे थर मोजत आले की एकूण साठा हाती येतो.

श्लेफ्लीचा नियम याच जातीचा आहे. पातळीच्या जागी द्वितल कोन, पसाऱ्याच्या जागी कडेची लांबी:

घनफळातला बदल = अर्धे × (प्रत्येक कडेची लांबी × त्या कडेवरच्या कोनातला बदल) यांची बेरीज

हे गोलीय अवकाशासाठी. हायपरबोलिकमध्ये फक्त समोर वजा चिन्ह येते: कोन उघडले की घनफळ घटते. कुठलाही वाकडा चतुष्फलक घ्या, त्याचे कोन हळूहळू बदलत ज्याचे घनफळ माहीत आहे अशा आकारापर्यंत न्या आणि वाटेतल्या बदलांची बेरीज करा. गणिताच्या भाषेत हे संकलन.

कॅल्क्युलेटरवर करून पाहा

नियमित गोलीय चतुष्फलकात सहाही कोन सारखे, सहाही कडा सारख्या. म्हणून ‘अर्धे × सहा’, म्हणजे ३ × कड × कोनातला बदल. कोनावरून कड अशी मिळते:

कॉस(कड) = कॉस(कोन) ÷ (१ − २ × कॉस(कोन))

पडताळ्यासाठी दोन पक्के मुक्काम आहेत. कोन ७२ अंश असताना ६०० तुकड्यांत सगळे भरते, म्हणून घनफळ १९.७३९ ÷ ६०० = ०.०३२९. कोन ९० अंश असताना १६ तुकडे लागतात, म्हणून १.२३३७. फरक १.२००८. हा फरक श्लेफ्लीच्या नियमाने मिळतो का, ते पाहू.

तीन-तीन अंशांच्या पायऱ्या घ्या. कोन आणि त्याची कड, दोन्ही अंशांत:

७२ – ३६.००
७५ – ५७.५५
७८ – ६९.१५
८१ – ७६.८४
८४ – ८२.४१
८७ – ८६.६५
९० – ९०.००

सिम्पसनच्या नियमाने पहिली आणि शेवटची कड एकदा, मधल्या आळीपाळीने चारदा आणि दोनदा घ्यायच्या आणि बेरजेला पायरीच्या एक तृतीयांशाने गुणायचे. पायरी ३ अंशांची, म्हणून गुणक नेमका १. बेरीज येते १३१३.२८. ही ‘अंश गुणिले अंश’ आहे, म्हणून ५७.२९५८ ने दोनदा भागायचे: ०.४०००५. तिप्पट केली की १.२००१. खरे उत्तर १.२००८. सात कडांवरून इतके जवळ येणे वाईट नाही.

चुका कुठे होतात? पहिली, एकदाच भागण्याची. कोन रेडियनमध्ये नेला आणि कड अंशांतच राहिली, तर उत्तर ५७ पट फुगते आणि लगेच कळते. दुसरी चूक लबाड आहे. ७२ ऐवजी थेट ७०.५३ अंशांपासून, म्हणजे घनफळ शून्य असते तिथूनच का सुरू करू नये? करता येते, पण तेवढ्याच सहा पायऱ्यांत उत्तर १.२१९९ येते, हवे होते १.२३३७. चूक वीसेक पटींनी वाढली. कारण असे की सुरुवातीला कड शून्यावरून जवळजवळ उभी चढते, वर्गमुळाच्या आलेखासारखी. सिम्पसनचा नियम प्रत्येक तुकड्याला परवलय बसवतो आणि अशा उभ्या चढाला परवलय बसत नाही. उपाय दोन: ओळखीच्या मुक्कामावरून निघा, किंवा ‘कोन = ७०.५३ अंश + चलाचा वर्ग’ असे मांडून त्या नव्या चलावर संकलन करा. दुसऱ्या उपायात उभा चढ नाहीसा होतो.

हायपरबोलिक बाजू: कडा अनंत, घनफळ मर्यादित

७०.५३ अंशांच्या खाली उतरलो की हायपरबोलिक प्रदेश. सूत्र तेच, फक्त डावीकडच्या कॉसच्या जागी कॉश, म्हणजे हायपरबोलिक कोसाइन. कोन ६५ अंश असेल तर कड १.६६, ६१ ला ३.४६, ६०.१ ला ५.८०. आणि ६० अंशांवर छेद शून्य होतो, कड अनंत. चारही शिरोबिंदू अनंताशी पोहोचतात. अशा चतुष्फलकाला आदर्श चतुष्फलक म्हणतात.

इथे बहुतेक वाचक थांबून विचारतो: कडा अनंत, मग घनफळही अनंतच ना? नाही. टोके इतक्या वेगाने बारीक होत जातात की सगळे मिळून घनफळ १.०१४९ एवढेच भरते. एवढेच नव्हे, हायपरबोलिक अवकाशात कुठल्याही चतुष्फलकाचे घनफळ याहून जास्त होऊच शकत नाही. सपाट जागेत हवा तेवढा मोठा चतुष्फलक बनवता येतो. इथे निसर्गतःच कमाल मर्यादा आहे.

आदर्श चतुष्फलकापुरते सूत्रही देखणे आहे. त्यात समोरासमोरच्या कडांवरचे कोन समान असतात, म्हणून तीनच वेगळे कोन उरतात आणि त्यांची बेरीज १८० अंश असते. घनफळ म्हणजे त्या तीन कोनांच्या लोबाचेव्हस्की फलनांची बेरीज. रशियात कझानला काम करणाऱ्या लोबाचेव्हस्कीचे नाव असलेले हे फलन असे काढतात:

अर्धे × [साइन(२ कोन) + साइन(४ कोन)/४ + साइन(६ कोन)/९ + साइन(८ कोन)/१६ + …]

कोन ६० अंश ठेवला की दर तिसरे पद शून्य होते. शून्य नसलेली पहिली आठ पदे घेतली तर तिप्पट येते १.०१२०, खरे मूल्य १.०१४९. मालिका सावकाश चालते, म्हणून अचूक दशांश हवे असतील तर अशी थेट बेरीज करत बसू नये. संकलनाची तयार आज्ञावली वापरावी.

सहाही कोन वेगवेगळे असतील तर?

मग काम अवघड होते. सर्वसाधारण चतुष्फलकाचे पूर्ण सूत्र लिहिता येते, पण त्यात डायलॉगरिदम नावाचे फलन अनेकदा येते (लोबाचेव्हस्कीचे फलन त्याच घराण्यातले) आणि मध्ये एक वर्गसमीकरणही सोडवावे लागते. चो आणि किम यांनी १९९९ साली असे सूत्र दिले. मुराकामी आणि यानो यांचे अधिक सममित सूत्र २००५ सालचे. गाउसच्या त्या पत्रापासून मोजले तर दीडशेहून अधिक वर्षे! सूत्र हाताने वापरण्याचा आग्रह धरू नये. सहा वेगळे कोन असतील तर संगणकावर श्लेफ्लीचे संकलन करणेच शहाणपणाचे.

पण त्याआधी एक तपासणी टाळू नये. मनाला येतील ते सहा कोन घेऊन चतुष्फलक बनत नाही. पृष्ठांना १ ते ४ क्रमांक द्या आणि चार ओळी, चार स्तंभांचा तक्ता मांडा: कर्णावर १, बाकी जागी त्या दोन पृष्ठांमधल्या कोनाचा वजा कॉस. सहाही कोन सारखे असतील तर या तक्त्याचा निश्चयक येतो (१ + कॉस)चा घन × (१ − ३ × कॉस). कॉस एक तृतीयांश असेल, म्हणजे कोन ७०.५३ अंश असेल, तर निश्चयक शून्य: सपाट जागा. त्याहून मोठा कोन असेल तर निश्चयक धन: गोलीय. लहान असेल तर ऋण: हायपरबोलिक.

निश्चयक ऋण आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. तक्त्यातली एक ओळ आणि तोच स्तंभ झाकून उरलेला लहान निश्चयकही बघावा लागतो. सारख्या कोनांसाठी तो (१ + कॉस)चा वर्ग × (१ − २ × कॉस) आहे. ६० अंशांवर तो शून्य होतो आणि ५० अंश घातले तर ऋण. ऋण म्हणजे शिरोबिंदू अनंताच्याही पलीकडे गेले, नेहमीच्या अर्थाने चतुष्फलक उरलाच नाही. आज्ञावली मात्र तरीही एखादा आकडा बिनदिक्कत छापते. अशी उत्तरे फसवतात.

हे सगळे कशासाठी?

हरिहर किंवा अंजनेरीकडे रोप घेऊन जाणाऱ्यांना इंग्रजी आठच्या आकाराची गाठ माहीत असते. तिची दोन्ही टोके जोडून टाका आणि गाठ सोडून भोवतीची उरलेली जागा बघा. ती जागा हायपरबोलिक आहे आणि बरोबर दोन नियमित आदर्श चतुष्फलक जोडून बनते. म्हणून तिचे घनफळ २ × १.०१४९, म्हणजे २.०२९९. दोरी कशीही ओढा, पिळा, गुंतवा. तोडली नाही तर हा आकडा बदलत नाही. यामागे १९६८ सालचे मोस्तोव याचे प्रमेय आणि त्याचा पुढचा विस्तार आहे: अशा जागेत आकार ताणायला वावच नसतो. विल्यम थर्स्टन याने १९७० च्या दशकात दाखवले की अशा गाठींचा भरणा प्रचंड आहे. तेव्हापासून चतुष्फलकाचे घनफळ हे गाठ ओळखण्याचे रोजचे साधन झाले. जेफ्री वीक्स याची स्नॅपपी ही आज्ञावली हेच करते: गाठीचे चित्र घेते, भोवतालची जागा चतुष्फलकांत तोडते आणि लोबाचेव्हस्कीच्या फलनाने बेरीज करते.

मग घनफळ जुळले की गाठ तीच, असे म्हणावे का? म्हणू नये. एखाद्या गाठीचा तुकडा कापून, फिरवून पुन्हा जोडला तर गाठ वेगळी होऊनही घनफळ तेच राहू शकते. घनफळ वेगळे असेल तर गाठी नक्की वेगळ्या. सारखे असेल तर पुढची चौकशी करावी लागते.

आणि गोलीय बाजूला एक साधासा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. वर ७२ आणि ९० अंशांना घनफळ पूर्ण अवकाशाच्या अनुक्रमे सहाशेवा आणि सोळावा भाग आले. १२० अंशांना पाचवा भाग येतो. कोन सरळ अपूर्णांकात, घनफळही सरळ अपूर्णांकात. सहाही कोन अंशांत पूर्णांक किंवा अपूर्णांक असतील तर नेहमी असेच होईल का? चीगर आणि सायमन्स यांनी हा प्रश्न मांडला. बहुतेक जाणकारांना उत्तर ‘नाही’ असेल असे वाटते. कित्येक चतुष्फलक असे आहेत की दशांशांची रांग कितीही लांबवली तरी अपूर्णांक दिसत नाही. पण त्यातल्या एकाचेही घनफळ अपूर्णांकात बसत नाही, असे कोणी सिद्ध केलेले नाही.